बेसूर गाण्याचा ठराव

"ते गीत कानावर पडलं, की हातातलं काम टाकून उभं राहायचं. कोण बघतंय ते बघायचं नाही, आणि संपेपर्यंत बसायचं नाही."

बटणवाल्या बाईंच्या वडिलांचा हा आवाज. वडील जाऊन जमाना लोटला, पण आवाज काही गेला नाही. ते पोस्टात पत्रांवर शिक्के मारायचे आणि घरीही शिक्का मारल्यासारखंच बोलायचे. सकाळी रेडिओवर राष्ट्रगीत लागलं की सगळं घर जागच्या जागी ताठ. आई चुलीपुढे हातात पळी धरून उभी, आणि पातेल्यात दूध वर वर चढतंय. देशापायी त्या घरात किती दूध उतू गेलं, ते देवालाच ठाऊक.

अशा घरात वाढलेल्या बाईंना देशाचा अभिमान नसता तरच नवल. कोपऱ्यावर त्यांचं बटणांचं छोटंसं दुकान होतं. रोज दुकान उघडण्याआधी देवापुढे हात जोडायचे, आणि दिवसभरात जिभेवर आलेला एक तरी कडू शब्द गिळून टाकायचा, असा त्यांचा नेम होता. नेम सहसा सकाळीच, दूधवाल्यावर उरकून जाई. मग उरलेला दिवस त्यांना मोकळा. त्या मोकळेपणात त्या 'आधी आपली माणसं' मंडळाच्या सभांना जात आणि बाहेरून येऊन राहणाऱ्यांबद्दल चांगलं खणखणीत बोलत.

बोलणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं म्हणा. गल्लीतल्या शाळेत एकेका बाकावर मुलं कोंबून बसवावी लागत होती, आणि ते कुणीतरी बोलायला हवंच होतं. पण बाई बाकांपासून सुरुवात करत आणि बोलण्याच्या भरात कुठच्या कुठे पोचत. शेवटी एकदा शाळेतली तरुण शिक्षिका दुकानात येऊन तोंडावर म्हणाली, "बाई, याला वंशद्वेष म्हणतात."

"वंशद्वेष? मी?" बाईंच्या हातातलं खोकं हिंदकळलं. "अगं, काळी बटणं, पांढरी बटणं, सगळी एका खोक्यात ठेवते मी!"

"माणसं म्हणजे बटणं नव्हेत, बाई."

त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही. वंशद्वेष म्हणे! आणि तोही कुणाला म्हणावा? जिचा एकुलता एक मुलगा बाहेरून आलेल्यांचा जावई झालाय, तिला!

ही गोष्ट मंडळात सगळ्यांना माहीत होती, पण कुणी काढत नसे. चुकून निघालीच, तर मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे दातांचे डॉक्टर, मोठ्या मनाने म्हणत, "तुमच्या सूनबाईंचं वेगळं हो." डॉक्टरांचा वचकच असा, की त्यांनी सभेत "बोला" म्हटलं की समोरचा माणूस सवयीने आ करी. सूनबाईंचं काय वेगळं, ते त्यांना विचारण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती.

मंडळाला माहीत नव्हतं ते एवढंच, की बाई रोज दुपारी दुकान बंद करून जातात कुठे.

त्या जात विहीणबाईंकडे. विहीणबाई इस्पितळाच्या धोबीखान्यात इस्त्रीवर होत्या. मुलगा आणि सूनबाई नोकरीवर, म्हणून तान्हा नातू सकाळी विहीणबाईंकडे असे, आणि त्या दुपारच्या पाळीला निघाल्या की तिथेच, त्याच घरात, बाईंकडे. विहीणबाईंच्या इमारतीला पुढच्या बाजूला, ऐन दरवाज्याला लागून, डॉक्टरांचा दवाखाना होता. म्हणून बाई मागच्या, कचऱ्याच्या पिंपांकडच्या जिन्याने चढत. लाज म्हणून नव्हे हो, उगाच चौकशा नकोत म्हणून. स्वतःलाही त्या असंच सांगत.

नातवाची वाटणी दोघींनी केव्हाच करून टाकली होती.

"नाक आमचं," बाई म्हणत.

"घ्या. कान मात्र आमच्या माणसांचे. आणि हे रडणं कुणाचं?"

"ते तुमच्याकडचं. आमच्यात एवढा आवाज कुणाचाच नाही."

"सभेतला तुमचा आवाज ऐकलाय मी, विहीणबाई. खिडकी लावून घेतली तरी येतो."

आता हे रडणं काही केल्या थांबत नसे. विहीणबाईंनी आपल्याकडच्या सगळ्या अंगाया गाऊन पाहिल्या, सूनबाईंनी फोनवर नदीचा आवाज लावून पाहिला. कशानेच भागेना. एका दुपारी बाई खांद्यावर नातवाला घेऊन घायकुतीला आल्या आणि जे एकच गीत त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होतं, तेच गुणगुणू लागल्या. शब्द नाहीत, नुसतं "हूं, हूं". चालही अंगाईसारखी, ओढत ओढत. बाईंना गळा देताना देव घाईत असावा. त्या गळ्यातून ते गीत जे निघालं, त्याला कशाचीच उपमा देता यायची नाही. पण नातू दुसऱ्या ओळीला ढाराढूर.

"बसा आता," विहीणबाई कुजबुजल्या. "पाय दुखतील."

"हे बसून म्हणत नाहीत."

"झोपवायलासुद्धा?"

"झोपणाऱ्याला सूट आहे. म्हणणाऱ्याला नाही."

विहीणबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. जाता जाता दारात थांबून मात्र म्हणाल्या, "एकदा पुढच्या दाराने या की. पाहुण्यासारख्या. हे काय चोरासारखं मागच्या जिन्याने?"

"येईन हो."

"शब्द?"

"शब्द," बाई म्हणाल्या. खांद्यावर झोपलेलं लेकरू असताना दिलेला शब्द. तो त्यांच्या मनात रोज, जिना चढताना, बुटातल्या खड्यासारखा टोचे.

अशातच मंडळाच्या एका सभेत पियानोचे सूर जुळवणारे गृहस्थ उभे राहिले. गावातले सगळे पियानो त्यांच्या कानाच्या भरवशावर होते, आणि ते तसं सांगतही असत. त्यांच्या भिंतीपलीकडे कुणी बाहेरचे राहतात म्हणे, आणि रोज दुपारी तिकडून काहीतरी भयंकर घुमत येतं. कामावर लक्ष लागत नाही, जीव कासावीस होतो.

"मग वाट कसली बघताय?" बाई तडकल्या. नेम सकाळीच झालेला होता. "ठराव करा आणि घरमालकाला कळवा. जागा खाली करायला लावा. मी मांडते ठराव!"

कुणाची भिंत, कुठली जागा, हे त्यांनी विचारलंच नाही. पियानोवाल्यांचं दार पलीकडच्या रस्त्याला. त्या इमारतीची आणि विहीणबाईंच्या इमारतीची पाठ एकच आहे, हे बाईंच्या डोक्यात कुठून येणार?

दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय ठराव करू नका, अशी शिक्षिकेने नगरपालिकेतून तंबी आणवली. म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी सभागृहात दोन्हीकडची मंडळी जमली. एका बाजूला मंडळ, दुसऱ्या बाजूला शिक्षिका आणि तिच्यासोबत बाहेरून आलेली कुटुंबं, मधे पाण्याचं पिंप. बाई पहिल्या रांगेत, छातीवर मंडळाचा बिल्ला.

"ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांनी पुढे यावं," डॉक्टर म्हणाले.

आणि नातवाला कडेवर घेऊन विहीणबाई पुढे आल्या.

आपण कुणाच्या घराला काडी लावायला निघालो, ते तेव्हा बाईंना कळलं. विहीणबाईंनी त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. ओळख दाखवली असती तर बाईच अडचणीत आल्या असत्या, म्हणून. नातवाला मात्र हे राजकारण समजत नव्हतं. त्याने आजी पाहिली आणि दोन्ही हात पसरून झेप घेतली. आपल्याकडेच येतोय असं वाटून डॉक्टरांनी हसून दात दाखवले. आजी घेईना म्हटल्यावर त्याने जो टाहो फोडला, तो पुढच्या सगळ्या भाषणांवर पसरून राहिला.

"हा वंशद्वेष आहे!" शिक्षिका त्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली.

"आम्ही? वंशद्वेषी?" डॉक्टर उसळले. "मी कुणाचेही दात भेदभाव न करता उपटतो!"

"पुरावा ऐका, पुरावा," म्हणत पियानोवाल्यांनी फोन ध्वनिक्षेपकाला लावला. "भिंतीला टेकवून घेतलंय. ज्यांचं हृदय नाजूक आहे त्यांनी जपा."

सभागृहात आवाज घुमला. हूं... हूं... मधे एक आवंढा, मग पुन्हा हूं.

मंडळाच्या बाजूला खसखस पिकली. "अरे देवा, कुणी आजारी आहे का?" मागून कुणीतरी विचारलं. "हे गाणं? कुठल्या मुलखातलं?"

"हसता काय!" शिक्षिका लाल झाली. "हा त्यांचा प्राचीन ठेवा आहे. पिढ्यानपिढ्या जपलेला मंत्र असेल तो. त्यातली वेदना तुमच्या कानांना कळायची नाही!"

तिच्या बाजूच्या काहींनी भक्तिभावाने डोळे मिटले. विहीणबाई जमिनीकडे बघत राहिल्या. एक शब्द बोलल्या असत्या तर सुटल्या असत्या. बोलल्या नाहीत.

तोवर इकडे बाई उभ्या राहिल्या होत्या. ठरवून नव्हे. सूर कसाही असो, पायांनी गीत ओळखलं होतं आणि पाय वडिलांचं ऐकणारे होते. बिल्ला सरळ, हात बाजूला, हनुवटी वर. आणि तेवढ्यात आणखी एक झालं. टाहो थांबला. नातवाने विहीणबाईंच्या खांद्यावर मान टाकली, एक जांभई दिली आणि दुसऱ्या ओळीला तो झोपला.

"काय झालं बाई?" डॉक्टरांनी विचारलं. "पायात गोळा आला का?"

किती सोयीचा प्रश्न! "हो" म्हटलं की संपलं. मंडळातला मान शाबूत, बिल्ला शाबूत. विहीणबाईंना दुसरीकडे जागा बघता आली असती. कुठेतरी लांब, दोन गाड्या बदलून जायच्या अंतरावर. आणि नातू दुपारी कुणाच्या खांद्यावर झोपला असता? बाईंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. गीत अजून चालू होतं. संपेपर्यंत बसायचं नाही, तसं मधे बोलायचंही नाही. शेवटची ओळ अडखळत संपली, तेव्हा त्या म्हणाल्या,

"गोळा नाही आला. आपलं राष्ट्रगीत लागलं होतं."

या वेळी आ डॉक्टरांनीच केला.

"आणि आवाज माझा आहे. हा माझा नातू, या माझ्या विहीणबाई. रोज दुपारी यांच्या घरी मी त्याला हे म्हणून झोपवते. मागच्या जिन्याने जाते, म्हणून तुम्ही कुणी पाहिलं नाही."

"अशक्य!" पियानोवाले ओरडले. "माझा कान आयुष्यात फसलेला नाही! राष्ट्रगीत इतकं बेसूर कुणी म्हणूच शकत नाही!"

बाईंच्या जिभेच्या टोकावर एक शब्द आला. पियानोवाल्यांच्या कानाबद्दलच होता, आणि फार सुरेख होता. पण सुट्टीमुळे दूधवाला अजून आला नव्हता आणि आजचा नेम व्हायचा होता. त्यांनी तो गिळला. इतका मोठा घास त्यांनी आजवर गिळला नव्हता.

सगळ्यांत आधी डॉक्टर ताडकन उठले. मग सगळीच मंडळी खुर्च्या सरकवत उठली आणि ताठ उभी राहिली. गीत केव्हाच संपलं होतं, पण आधी बसायचं कुणी? शिक्षिका मात्र खुर्चीतच होती. ज्याला मंत्र म्हटलं त्याला आता काय म्हणावं, हे तिला सुचत नव्हतं.

"ठराव मी मांडला होता," बाई म्हणाल्या. "मीच मागे घेते. आवाजाचा त्रास होत असेल तर माझ्या घरमालकाला कळवा."

"पण बाई," मागून एक जण कुरकुरला, "मग आपलं ते बाकांचं?"

"बाकं कमीच आहेत. पुढच्या सभेत त्यावर भांडेन. बाकांवरच भांडेन."

मग खरा वाद पेटला. राष्ट्रगीत चालू असताना मंडळ बसून हसलं, हे इतिवृत्तात लिहायचं की नाही? नुसत्या हूं-हूंला राष्ट्रगीत धरावं का? पियानोवाल्यांचं म्हणणं, सुरात नसेल तर धरू नये. डॉक्टरांचं म्हणणं, भावना धराव्या. शिक्षिकेची मंडळीही हिरिरीने त्यात उतरली आणि कोण कुठल्या बाजूचं, हे ओळखू येईना. पाण्याचं पिंप कुणीतरी केव्हाच बाजूला सरकवलं होतं.

"वंशद्वेष तो वंशद्वेषच," शिक्षिका बाईंजवळ येऊन हळूच म्हणाली. पण या वेळी तिचा आवाज खाली होता. "ठरावाबद्दल म्हणतेय मी."

"आज तू म्हणालीस ते ऐकून घेतलं," बाई म्हणाल्या. "उद्या दुकानात ये. तुझ्या कोटाचं एक बटण तुटलंय."

विहीणबाई मागे उभ्या होत्या. त्यांची नजर घड्याळाकडे. पाळीची वेळ होत आली होती.

"काही बोलला का नाहीत?" बाईंनी कुजबुजत विचारलं.

"काय बोलू? माझ्या विहिणीचा गळा असा आहे, हे चारचौघांत सांगू? आमच्यात व्याह्यांची अब्रू झाकतात."

"आमच्यातही," बाई म्हणाल्या. तेवढंही बेसूरच निघालं.

विहीणबाईंनी झोपलेलं लेकरू अलगद त्यांच्या खांद्यावर दिलं आणि सवयीने पिशवीतून मागच्या जिन्याची किल्ली काढली.

"ती राहू द्या," बाई म्हणाल्या. "पुढची द्या."

विहीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दुसरी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि पदर तोंडाला लावून भराभर धोबीखान्याच्या वाटेला लागल्या.

सभागृहात आवाज चढलेला होता. उपसमिती नेमावी असं कुणीतरी सुचवत होतं. बाईंनी बिल्ला काढला नाही, नातवाच्या गालाला टोचू नये म्हणून तेवढा उलट्या बाजूला लावला. दार त्याच्या झोपेच्या बेताने ओढून घेतलं. समोरच्या रस्त्यावर ऊन पडलं होतं, आणि पलीकडे डॉक्टरांच्या दवाखान्याची पाटी, तिच्या शेजारी ते रुंद, पाहुण्यांचं दार. बाई किल्ली मुठीत धरून, पाय न वाजवता, त्या दाराकडे निघाल्या.