भारीतला व्हॉल्व्ह

अमोघच्या डोक्यात पाणी साठत होतं आणि त्याचे आजोबा गेणबा मला सांगत होते, "भारीतलंच घाला, डॉक्टरबाई. आमी थांबतो."

सात महिन्यांचं पोर. ते पाणी बारीक नळीने पोटात उतरवायचं आणि मध्ये एक व्हॉल्व्ह बसवायचा, एवढंच ऑपरेशन. पण परदेशी व्हॉल्व्ह पुण्यात कुठेच नव्हता. मी रोज डीलरला फोन करायचा आणि त्याने रोज म्हणायचं, "मॅडम, उद्या नक्की." त्याचा उद्या काही उगवेना.

शुक्रवारी वैतागून मी देशी व्हॉल्व्ह मागवला. साधा, स्वस्त, पण कामाला चोख. संमतीचा कागद पुढे केला तर गेणबांनी हातच मागे घेतला. भुकूमची जमीन बिल्डरला दिल्यापासून त्यांच्या घरात स्वस्त वस्तू येत नाही.

"स्वस्तातला माल माझ्या नातवाच्या डोक्यात न्हाई घालायचा."

"अहो, किमतीवर पाणी उतरत नाही!" मी ओरडलेच. पालथ्या घड्यावर पाणी.

तेवढ्यात सून जुईली पुढे आली. घरात मोजपट्टी नव्हती म्हणून तिने सोमवारी काळ्या दोऱ्याने पोराचं डोकं मापून दोरा तोडला होता. आज तोच दोरा तिने पुन्हा गुंडाळला. टोकं भिडेनात. मध्ये माझी करंगळी मावली. अमोघची बुबुळं खाली ओढली गेली होती, त्याला वर बघताच येत नव्हतं.

"बघितलंत? कुणी सांगितलं होतं थांबायला?" मी गेणबांवर तडकले.

गेणबा शांतपणे म्हणाले, "तुमीच की. सोमवारी म्हणला हुता, परदेशीच चांगला, चार दिस थांबू."

म्हणाले होते मी. देशी व्हॉल्व्ह सोमवारीही मिळत होता. नाक मीच मुरडलं होतं. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "माझं पोर असतं तरी आज हाच घातला असता."

गेणबांनी पेन घेतलं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी अमोघ खाटेवरून आजोबांच्या तोंडाकडे टकामका बघत होता. गेणबा डोळे पुसत होते, तोच माझा फोन वाजला. डीलर. "मॅडम, माल आला! ठेवू का?"

"सांगा त्येला, आमचं भागलं," गेणबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पर बाई, पुढच्याला थांबवू नका."