सावळघाटचा डोंगा

मी सावळघाटचा डोंगा बोलतोय. पोलीस ठाण्याच्या आवारात, भर उन्हात पडून.

डोमाजी ढिवराच्या बापानं मला सागाच्या फळ्यांनी बांधलं, डांबरानं माझ्या सांधी बुजवल्या. वर्धा नदीवर तेव्हा पूल नव्हता. नव्या नवऱ्या, मास्तर, आजारी माणसं, बकऱ्या, सगळी माझ्यातूनच आली-गेली. घाटाखाली रेतीचं एवढं मैदान, की लोक हसून त्याला ‘आमची चौपाटी’ म्हणत. कुस्त्या तिथं. पौर्णिमेला विहाराची मंडळी खीर वाटायची तीही तिथंच. उन्हाळ्यात डोमाजीची बायको भागीरथा पलीकडच्या रेतीत टरबुजाची वाडी लावायची.

पूल झाला, मी मासेमारीपुरता उरलो. त्याचं दुःख नव्हतं. पण पुढं नदीतली रेती उपसायचा ठेका दिला गेला आणि मशिनी आल्या. त्या धुरात संध्याकाळी बसायला येणार कोण?

एके दिवशी डोमाजीचा बांबू तळाला लागेना. तो ठेक्यावर देखरेख करणाऱ्या राकेशकडे गेला.

“इथं गुडघाभर पानी होतं. तुमी गड्डे पाडून राह्यले. मानूस बुडीन एखांदा.”

“परवाना हाये न बाबा आमच्याजवळ.”

आठवड्यानं भागीरथा नेहमीच्या वाटेनं पाण्यातून वाडीकडे निघाली. मी काठाला बांधलेला. बघता बघता टोपली तेवढी पाण्यावर राहिली. डोमाजीनं मला सोडून तिथवर नेलं, तिला वर काढून माझ्यात निजवलं, पण त्याला वल्हं धरवेना. पाण्यानंच आम्हाला काठाला लावलं.

तेरवी झाल्यावर त्यानं मला बैलांनी ओढत नेलं आणि रेती नेणाऱ्या टिप्परच्या रस्त्यावर आडवं टाकलं. पहिल्या दिवशी सारं गाव येऊन बसलं. दुसऱ्या दिवशी निम्मं. ज्यांची पोरं ठेक्यावर कामाला, ते नजर चुकवू लागले. चौथ्या दिवशी आम्ही दोघंच होतो. पोलिसांनी मला जप्त केलं.

परवा डोमाजी मुलीला, काजलला, घेऊन आला. हवालदारानं कागद पुढे केला. “पुन्हा रस्ता अडवणार नाही, एवढं लिहून द्या काका. डोंगा घेऊन जा.”

“करून टाका न सही, बाबा,” काजल म्हणाली. “उन्हानं फाटून राह्यला तो.”

डोमाजीनं माझ्या उघड्या सांधीत बोटं घातली.

“राहू द्या त्याले इथंच.”

पावसाळ्यापर्यंत मी डोंगा उरणार नाही, नुसतं लाकूड होईन. माझं त्याच्याशी भांडण नाही. तो उद्या पुन्हा त्या रस्त्यावर जाऊन बसणार आहे, आता आडवा टाकायला काही नसताना. सावळघाटला आलात, तर त्याच्याशेजारी थोडा वेळ बसा.