जुने फॉर्म

स्टोअरताईंनी साठ खोक्यांची चिठ्ठी शेजारच्या टेबलाकडे सरकवली आणि अख्खा वर्ग हसायला लागला.

खेळ साधा होता. चार टेबलं, चार माणसं. एक दुकानदार, एक घाऊक व्यापारी, एक गोदामवाला आणि एक कारखानदार. एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही, फक्त चिठ्ठीवर आकडा लिहून मागच्या टेबलाकडून साबणाची खोकी मागायची. खोकी म्हणजे शर्टाची बटणं. दुकानदाराने आठ मागितली होती. व्यापारी झालेल्या ताईंनी साठ मागितली. ते बघून गोदामवाल्याने घाबरून शंभर मागितली आणि बिचाऱ्या कारखानदाराने दोनशे बटणं टेबलावर ओतून घेतली. शेवटी सरांनी गिऱ्हाइकाचा कागद उघडून दाखवला. त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत आठच हवी होती.

"ताई, आठाला साठ का?" सरांनी विचारलं. सर वयाने ताईंच्या मुलीएवढे, त्यामुळे 'ताई' म्हणताना अजून किंचित अडखळायचे.

"असावीत हाताशी," ताई म्हणाल्या. त्या दिवसापासून वर्गात कुणी दोन पेनं आणली तरी बाकीचे म्हणायचे, असावीत हाताशी.

एक्कावन्नाव्या वर्षी ताई हौसेने विद्यापीठात आल्या नव्हत्या. एका मोठ्या रुग्णालयाच्या भांडाराची किल्ली चोवीस वर्षं त्यांच्या कमरेला होती. त्यातली शेवटची सहा वर्षं त्या भांडारप्रमुखाचं काम करत होत्या, पण कागदोपत्री 'तात्पुरत्या'. मग नवा नियम निघाला. प्रमुख व्हायचं तर लॉजिस्टिक्स आणि पुरवठा साखळी व्यवस्थापनाचा विद्यापीठाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम हवा. अधीक्षकांनी सरळ सांगितलं, तुम्ही पास व्हा, नाहीतर बाहेरून कुणीतरी शिकलेला येईल आणि तुम्ही त्याच्या हाताखाली. ताईंनी त्याच दिवशी अर्ज भरला. कुणा नवख्याने येऊन आपल्याला आपलंच भांडार दाखवावं, हे त्यांना मरेस्तोवर सोसलं नसतं.

ताईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे आणि बायकोच्या पुस्तकांकडे संशयाने बघायचे.

"लॉजिस्टिक्स म्हणजे काय गं?"

"योग्य सामान, योग्य जागी, योग्य वेळी पोचवणं."

"मग चोवीस वर्षं तू काय करत होतीस?"

"तेच. पण आता त्याचा आलेख काढता येतो."

आलेख खरोखरच काढता यायला लागले. गणिताला ताई घाबरल्या होत्या, पण कुठल्या वस्तूची मागणी नेमकी किती उरल्यावर नोंदवावी, हे सूत्र बघून त्यांना हसूच आलं. त्या इतकी वर्षं ते डोळ्यांनी करत होत्या. वर्गातली पोरं परीक्षेच्या आधी त्यांच्याभोवती गोळा व्हायची आणि ताई त्यांना सलाइनच्या बाटल्यांची उदाहरणं देऊन शिकवायच्या. इतकी मजा त्यांनी स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांतही केली नव्हती.

शेवटच्या सत्रात प्रत्यक्ष कामाचा प्रकल्प आला. तो सर्वांत जास्त गुणांचा, त्यात नापास म्हणजे सगळंच नापास. ताईंच्या जोडीला आली ती वर्गातली सगळ्यांत नेटकी मुलगी. तिला सगळे 'तक्ता' म्हणत, कारण ती डब्याचं वेळापत्रकसुद्धा रकाने आखून लिहायची. दोघींनी विषय घेतला ताईंच्याच रुग्णालयाचा. हातमोजे पुरेसे येतात, तरी दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ते संपतात कसे?

दोघी वॉर्डावॉर्डांतून फिरल्या आणि उत्तर हाताला लागत गेलं. अस्थिरोग वॉर्डात प्लास्टरच्या पोत्यांमागे पाच खोकी. बालरुग्ण विभागात खेळण्यांच्या पेटीत तीन. एका वॉर्डात तर बिघडलेल्या यंत्राच्या पोटात चार. ऐनवेळी मिळणार नाहीत या धास्तीने जो तो दडवून ठेवत होता, आणि सगळ्यांनी दडवल्यामुळे ते ऐनवेळी मिळत नव्हते. ताई प्रत्येक ठिकाणी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि त्यांनी सिस्टरांना चांगलं फैलावर घेतलं. काय माणसं आहेत ही, असं त्या घरी येऊन यजमानांना तावातावाने सांगायच्या.

मग तक्ताने हिशेब जुळवला. आलेली खोकी, वापरलेली खोकी, दडवलेली खोकी. तरी त्रेचाळीस कमी पडत होती.

"ताई, सगळ्यांत जास्त वापर प्रसूती वॉर्डाचा आहे," तक्ता म्हणाली. "तिथल्या मोठ्या सिस्टरांकडेच असणार. आपल्याला सापडली नाहीत, एवढंच."

ताईंनी आपली वही मिटली. त्रेचाळीस खोकी कुठे आहेत हे त्यांना पक्कं माहीत होतं. भांडाराच्या आतल्या खोलीत, खिडकीखालच्या लोखंडी कपाटात. कपाटावर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी होती, 'जुने फॉर्म'. दर महिन्याला दोन-तीन खोकी त्या किरकोळ वाटपात लिहायच्या आणि कपाटात टाकायच्या. चोरी नव्हती ती. महिनाअखेरीला एखादा वॉर्ड रडकुंडीला आला की ताई आत जायच्या, जरा वेळ लावायच्या आणि दोन खोकी घेऊन बाहेर यायच्या. रुग्णालयभर त्यांची ख्याती होती की स्टोअरताईंकडून कुणी रिकाम्या हाताने परत येत नाही. गेल्याच महिन्यात प्रसूती वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर दोन जिने धापा टाकत उतरून आल्या होत्या आणि खोकी छातीशी धरून म्हणाल्या होत्या, "तुम्ही आहात म्हणून निभावतं बघा."

दोन दिवसांनी कळलं की तक्ताच्या कच्च्या अहवालावरून अधीक्षकांनी मोठ्या सिस्टरांकडे लेखी खुलासा मागितलाय.

त्या संध्याकाळी ताईंनी यजमानांना सगळं सांगितलं. सांगितलं तर पद जाईल, प्रकल्पही बुडेल, म्हणाल्या. यजमानांनी डोळ्याचं भिंग काढून ठेवलं.

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी भांडारप्रमुख होईन."

"मग प्रश्न काय आहे?" त्यांनी विचारलं. या माणसाला सगळं कळतं आणि तो मुद्दाम वेड पांघरतो, हे ताईंना लग्नानंतर महिन्याभरातच समजलं होतं.

सादरीकरण रुग्णालयातच होतं, भांडाराशेजारच्या बैठकीच्या खोलीत. सर होते, अधीक्षक होते, सगळ्या वॉर्डांच्या सिस्टर होत्या. मोठ्या सिस्टर खुलाशाचा कागद मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. तक्ताने आलेख दाखवले आणि त्रेचाळीसचा आकडा पडद्यावर आला. तेवढ्यात ताई उठल्या.

"ती माझ्याकडे आहेत," त्या म्हणाल्या. "मोठ्या सिस्टरांचा काही संबंध नाही. चला, दाखवते."

सगळी मंडळी आतल्या खोलीत दाटीवाटीने उभी राहिली. ताईंनी कपाट उघडलं. वरची खोकी ठीक होती. खालच्या ओळीतली उचलली, तर त्यांची मुदत उलटून दोन वर्षं झाली होती. मोठ्या सिस्टरांनी एक हातमोजा ओढून काढला. तो बोटांशी चिकटून आला आणि अंगठ्याजवळ फाटला. ताईंना तिथल्या तिथे रडू फुटेल असं वाटलं. अशी अकरा खोकी निघाली.

"गेल्या महिन्यात तुमचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते मी," मोठ्या सिस्टर हळूच म्हणाल्या.

"माहीत आहे," ताई म्हणाल्या. "मला ते आवडायचं."

मोठ्या सिस्टरांनी फाटका हातमोजा कचऱ्यात टाकला, खुलाशाच्या कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "माझीही नऊ आहेत, वापरली म्हणून लिहिलेली. उशांच्या खोळीत. इतक्या फिरलात, पण उशी कुणी दाबून बघितली नाही." आधी तक्ता हसली, मग सर, मग सगळेच. त्यानंतर एकेकीला कुठलं कुठलं काय काय आठवत गेलं आणि संध्याकाळपर्यंत भांडाराच्या दारात खोक्यांची रांग लागली. तक्ताला नवा रकाना आखावा लागला.

सरांनी उत्तम गुण दिले. अधीक्षकांनी ताईंच्या फायलीत ताकीद लावली आणि प्रमुखपद सहा महिने लांबवलं. पण दिलं. वाटपाची पद्धत ताई आणि तक्ताने सुचवली तशीच झाली. दर दोन दिवसांनी प्रत्येक वॉर्डाला वापराइतकंच सामान, आणि भांडारात किती शिल्लक आहे ते बाहेरच्या फळ्यावर सगळ्यांसमोर.

नव्या पद्धतीच्या दुसऱ्या महिन्यात, शेवटच्या आठवड्यात मोठ्या सिस्टर सकाळी ट्रॉली घेऊन आल्या. मागणीच्या चिठ्ठीवर सहा खोकी लिहिली होती. एरवी त्या बारा लिहायच्या, कारण ताई निम्मी कापणार हे ठरलेलं असायचं.

"एवढीच?" ताईंनी विचारलं.

"परवा पुन्हा मिळतील ना?"

"मिळतील."

"मग एवढीच."

ताईंनी सहा खोकी ट्रॉलीत रचली. सवयीने हात सातव्याकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला. मोठ्या सिस्टरांनी न मोजता सही केली आणि कुठल्याशा नव्या बाळाच्या जावळाबद्दल बोलत बोलत ट्रॉली ढकलत निघूनही गेल्या. आभार मानायचे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

ताईंनी फळ्यावरचा हातमोज्यांचा आकडा सहाने कमी केला. मग त्यांनी पुढची चिठ्ठी घेतली.