मागचा दिवा

"हनुवटी जरा खाली. डोळे इकडे, माझ्या बोटाकडे. आणि हलू नका."

स्टुलावरचे गृहस्थ हलले नाहीत. दादांनी बटण दाबलं आणि मान वर केली, तेव्हा काचेचं दार ढकलून धाकट्या भावाची बायको आत येत होती. चौदा वर्षांत ती या स्टुडिओत आली नव्हती. ती गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली, पर्स मांडीवर घेतली आणि आपली पाळी येईपर्यंत थांबली.

गृहस्थांनी फोटो पाहिला. "मी असा दिसतो?"

"अर्जावर सगळे असेच दिसतात," दादा म्हणाले.

ते गेल्यावर ती उठली आणि तिने काउंटरवर एक वाहन परवाना ठेवला. "यांचा एवढाच फोटो आहे. मोठा करून हवाय. भिंतीवर लावायला."

भिंतीवर लावायला म्हणजे काय, हे दादांना लगेच कळलं. तरी त्यांनी विचारलं, "कधी?"

"आज नऊ दिवस झाले. झोपेतच गेले. सकाळी हाक मारली, तर ओ नाही."

"मला कळवलं नाहीस."

"नाही कळवलं. कळवलं असतं आणि तुम्ही आला नसता, तर ते मला सोसलं नसतं, भाऊजी."

दादांनी परवाना दिव्याखाली धरला. नखाएवढा फोटो. कडा पुसट होत्या.

"हलला आहे," ते म्हणाले.

"तुमच्यासमोर बसले असते, तर हलले नसते."

दादा उगाचच स्टूल सरळ करू लागले.

'हलू नका' हे वाक्य ते आयुष्यभर म्हणत आले होते. गल्लीत त्यांच्या माघारी सगळे त्यांना 'हलूनका' म्हणत, आणि काही धीट माणसं तोंडावरही. दिवसभर माणसांना स्थिर बसवायचं आणि रात्री नेमकं उलटं करायचं, असा त्यांचा सहा वर्षांचा शिरस्ता होता. पावणेदहाला स्टुडिओ बंद करून ते तिपाई घेऊन मोठ्या रस्त्यावरच्या पादचारी पुलावर जात. कॅमेरा कठड्याला लावून शटर अर्धा-अर्धा मिनिट उघडं ठेवत. गाड्या निघून जात आणि फोटोत त्यांच्या दिव्यांच्या रेघा राहत, येणाऱ्या पांढऱ्या, जाणाऱ्या लाल. माणसं रस्ता ओलांडून जात, ती फोटोत उमटतच नसत. रस्ता रिकामा असला की दादा भिंगासमोर काळा पुठ्ठा धरत; गाडी आली की काढत. शटर मात्र उघडंच. पुठ्ठ्याची ही युक्ती त्यांना वडिलांनी शिकवली होती.

दहा वाजून बारा मिनिटांनी पुलाखालून एक पांढरी व्हॅन जाई. हॉस्पिटलच्या चादरी धुलाईला नेणारी. ती धाकटा चालवत असे. आपण पुलावर दिव्यांसाठी जातो, असं दादा सांगत. व्हॅन गेल्यावर ते तिपाई मिटत, हे सांगत नसत.

गेल्या नऊ रात्री ती व्हॅनच आली नव्हती. पाळी बदलली असेल, असं दादा धरून चालले होते.

स्टुडिओच्या मागच्या अंगाला डार्करूम होती. आता तिथे जुन्या चौकटी आणि मोडका पंखा होता. दोघे भाऊ त्या खोलीत वाढले होते, आणि त्या खोलीचा नियम एकच होता. आत कोणी असेल, तर बाहेरच्याने दार वाजवायचं, दोन टकटक लागोपाठ आणि जरा थांबून तिसरी. आतून "ये" आलं, तरच दार उघडायचं. वडील गेल्यावर चौथ्या दिवशी दादा आत काळोखात त्यांच्या शेवटच्या फोटोंचा रोल धुण्यासाठी चकतीवर गुंडाळत होते. हॉस्पिटलच्या खाटेवर बसलेले, हसणारे वडील. तेवढ्यात धाकट्याने न वाजवता दार उघडलं. "दादा, फोन आलाय," एवढंच सांगायला. उजेड लागून सगळा रोल काळा पडला. दादा तेव्हा ओरडले नव्हते. ओरडले असते, तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "ज्याला दार वाजवता येत नाही, त्याचं इथे काम नाही." धाकटा त्याच दिवशी गेला.

"चौदा वर्षं," दादा आता त्याच्या बायकोला म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "चौदा वर्षांत एकदा यायचं. दार वाजवायचं. मी काय खाल्लं असतं त्याला?"

"तुम्ही तरी कुठे आलात?"

"मी मोठा आहे."

"हो. तेही हेच म्हणायचे, दादा मोठे आहेत."

दादा आत गेले आणि एक जाड वही घेऊन आले. तिच्यात त्यांनी रात्रीचे फोटो तारखेवार चिकटवले होते. त्यांनी एक पान उघडून तिच्यापुढे सरकवलं. "हा बघ. याहून मोठा फोटो माझ्याकडेही नाही त्याचा."

तिने पाहिलं. काळ्या रस्त्यावर बऱ्याच लाल रेघा होत्या.

"यातले कोणते?"

"ही जोडी. गाठी दिसतात ना? दोन जवळजवळ आणि ही तिसरी जराशी पुढे. बाकीच्यांच्या रेघा सरळ आहेत. याच्या मागच्या दिव्यांची वायर सैल आहे. पुलाखाली रस्त्याला सांधा आहे, तिथे व्हॅन आदळते आणि दिवे भडकतात. सहा वर्षं बघतोय, रोज त्याच जागी. एवढं साधं काम, पण करून घेतलं नाही. तसाच होता तो, निष्काळजी."

ती बराच वेळ वहीवर वाकून होती. मग म्हणाली, "वायर सैल नाहीये, भाऊजी."

"मी फोटोत बघतोय."

"आणि मी गाडीच्या मागे उभी राहायचे. रोज निघायच्या आधी. ते आत बसून ब्रेक दाबायचे आणि मी ओरडायचे, 'लागला!' दोन्ही दिवे फडक्याने पुसल्याशिवाय गाडी हलवायचे नाहीत. शेजारी चेष्टा करायचे, की ही काय रोज गाडीची ओवाळणी."

दादांनी वहीतल्या गाठींवर बोट ठेवलं.

"तुम्ही पुलावर असता, ते त्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "परत आले की जेवताना सांगायचे. आज दादाच्या डोक्याला टोपी नव्हती. आज दादा खोकत होता वाटतं, वाकला होता."

"मग वायरच," दादा हट्टाने म्हणाले. "गाडी उभी असताना कळत नाही. धक्का बसला की कळतं."

"बरं. उद्यापासून त्याच गाडीने तो फेरा मीच मारणार आहे. धुलाईवाल्यांनी मला दिलाय. गाडी त्यांनीच शिकवली होती मला. तुम्ही बघून घ्या तुमच्या कॅमेऱ्यात."

"बघतो. सैल असेल, तर परवा घेऊन ये. रात्रीचं चालवायचं म्हणजे दिवे नीट हवेत."

दुसऱ्या दिवशी दादा साडेनऊलाच पुलावर पोचले. टोपी घातली होती. रात्रपाळीला निघालेली ओळखीची नर्स जिना चढून आली. "काय हो, आज कोणाला हलू नका म्हणताय?"

"कोणालाच नाही," दादा म्हणाले. ती थांबली, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता गेली.

दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी शटर उघडलं आणि पुठ्ठा धरला. एक ट्रक गेला, दोन मोटारी गेल्या. त्यांनी पुठ्ठा काढला नाही. या चौकटीत दुसरं काही नको होतं. मग व्हॅन आली. जपून, एका बाजूने, नवख्या हाताने चालवलेली. ती पुलाखाली शिरली तसा दादांनी पुठ्ठा बाजूला केला आणि कान दिला. चाकं सांध्यावर आदळली. तो आवाज त्यांनी सहा वर्षं ऐकला होता आणि आजही तो तसाच आला. लाल दिवे लांब गेले, वळणावर दिसेनासे झाले. दादांनी शटर मिटलं.

पडद्यावर दोन रेघा होत्या. पुलापासून वळणापर्यंत सरळ, एकसारख्या, फूटपट्टीने ओढाव्यात तशा.

त्यांनी फोटो मोठा करून सांध्याची जागा पाहिली. तिथे काही नव्हतं. त्याच्या पुढे पाहिलं. तिथेही नव्हतं. मग त्यांचा उजवा हात कठड्यावर गेला आणि मधल्या बोटाचं पेर लोखंडावर वाजलं. दोन लागोपाठ. जरा थांबून तिसरी. सहा वर्षं, रोज रात्री दहा वाजून बारा मिनिटांनी.

फोन वाजला. तिने वळणापलीकडे गाडी थांबवली होती. "भाऊजी? मिळाला का फोटो?"

"मिळाला."

"दिवे कसे आहेत?"

"चांगले आहेत," दादा म्हणाले. "वायरला काही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं."

पलीकडे तिच्या मागून गाड्या जात असल्याचा आवाज येत होता. "अकराला मी रिकामी होते," ती म्हणाली. "परत येताना पुलाशी येऊ का? घरी सोडते तुम्हाला."

दादांनी टोपी काढली. खालून एक बस गेली, मग रस्ता मोकळा झाला.

"ये," ते म्हणाले.