ताईचं नाव असलेला अर्ज

मी ग्रॅच्युइटीच्या वारसनोंदीचा अर्ज बोलतोय. दचकू नका, अर्जालाही मन असतं. आम्हाला कुणी विचारत नाही एवढंच. पंचवीस वर्षं मी एका छापखान्याच्या कपाटात, फायलीत पडून आहे.

मला भरलं ते इथल्या बाइंडरनं. नोकरीला वर्ष झालं तेव्हा कारकूनबाई त्याला म्हणाल्या, "तुझ्या माघारी ग्रॅच्युइटी कुणाला द्यायची, त्याचं नाव लिही." त्यानं आधी सवयीनं माझे कोपरे जुळवून पाहिले. आईवडील लहानपणीच गेलेले, लग्न व्हायचं होतं. त्यानं थोरल्या बहिणीचं नाव लिहिलं. तिनंच त्याला वाढवलं होतं. ते नाव अंगावर घेऊन फायलीत शिरताना मला काय मिरवल्यासारखं वाटलं होतं!

पुढे त्यानं आपल्या मनानं लग्न केलं आणि ताईचं बिनसलं. "पुन्हा माझं तोंड पाहू नकोस," म्हणाली. हा पठ्ठ्याही असा हट्टी, की खरंच गेला नाही.

बाईंनी बजावलं, "लग्न झालं की हा अर्ज रद्द होतो. बायकोच्या नावानं नवा दे." त्यानं कोरा अर्ज घेतला, मला काढून एकदा वाचलं आणि "उद्या आणतो" म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही. बाई दर वर्षी आठवण करायच्या, आणि तो म्हणायचा, "राहू द्या हो बाई. तेवढ्या एकाच ठिकाणी आमचं दोघांचं अजून जमतंय."

गेल्या महिन्यात तो अचानक गेला. सव्वीस वर्षांची नोकरी.

मालक म्हणाले, "बायकोचा अर्ज येऊ दे, मग बघू. शिवाय इथं नाव बहिणीचं. दोघींचं आधी मिटू दे."

"साहेब, अर्ज येवो न येवो, रक्कम आपणच काढून कळवायची असते," बाई म्हणाल्या. "वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. तीस दिवसांत दिली नाही तर वर व्याज. आणि हा कागद लग्नानंतर रद्दच झालाय. पैसे बायकामुलांचे."

मी रद्द आहे हे मला ठाऊक होतं. तरी मोठ्यानं ऐकताना वाईट वाटलं.

मालकांनी तरीही ताईला निरोप धाडला. भांडण लागलं तर तेवढेच दिवस निघतील. काल ती आली. त्याची बायकोही सहीसाठी आली होती. बाईंनी मला ताईपुढे ठेवलं.

"पैसे तिचेच आहेत, मला काही नको," ताई म्हणाली. मग माझ्यावर बोट फिरवत राहिली. "मला वाटलं, त्यानं माझं नाव कधीच खोडलं असेल."

"ताई, प्रत्येक सुट्टीला म्हणायचे, पुढच्या सुट्टीत ताईकडे जाऊ," बायको म्हणाली. मग दोघी रडल्या.

ताईनं मला मागितलं. बाईंनी झेरॉक्स दिली. मूळ कागद देता येत नाही. झेरॉक्स तिच्या पिशवीतून गेली, मी परत कपाटात आलो. मला फार जायचं होतं हो तिच्या घरी.

तुम्ही लग्नानंतर नवा अर्ज जरूर भरा, कायदाच आहे तो. पण जुन्यावर ज्याचं नाव होतं, त्याला येत्या सुट्टीतच भेटून या. मी कागद, मला तिच्यापर्यंत चालत जाता येत नव्हतं. त्याला येत होतं.