दाराबाहेरचे बाकडे

मित्रांनो, मी एक जुने बाकडे आहे आणि खरे सांगायचे तर थोडे भित्रेही आहे. माझ्यावर जे जे बसले, ते घाबरूनच बसले. मग माझ्यात धीर येणार कुठून?

माझे सागवान आधी रेल्वेच्या एका डब्यात होते. तो डबा मोडीत निघाला, तेव्हा जयपूरच्या खातीपुऱ्यातील आमच्या मराठी मंडळाचे पहिले चिटणीस मुरलीधरराव यांनी त्याच्या फळ्या घेतल्या. झोटवाड्याच्या एका सुताराकडून त्यांनी मला घडवून घेतले आणि सभेच्या खोलीबाहेर, अगदी दाराला लागून ठेवले. मंडळाची रीत अशी होती, की आत ज्याच्या माणसाचा विषय निघेल त्याने उठायचे, बाहेर येऊन माझ्यावर बसायचे आणि विषय संपला की परत आत जायचे. पुतण्याचे नाव निघाले, काका बाहेर. साहेबाचा विषय निघाला, त्याच्या हाताखालचा पगारी माणूस बाहेर.

बसणाऱ्याला वाटायचे, आत आपल्याबद्दल काय बोलत असतील? तळहात ओले व्हायचे आणि तो ओलावा माझ्या कडेला लागायचा. पण आत ठरलेल्या गोष्टीवर बाहेर कोणी बोट ठेवत नसे. लोक माझे कौतुक करत. दिवाळीला मला तेलाचा हात मिळायचा.

मुरलीधरराव गेले आणि नवी मंडळी म्हणू लागली, "घरापासून इतक्या लांब आलोय, सगळी आपलीच माणसं. त्यात बाहेर काय बसायचं?" मला मागच्या अंगणात टाकले आणि माझ्यावर शेवंतीच्या कुंड्या ठेवल्या.

त्यानंतर लवकरच भगवानदादांचे प्रकरण झाले. ते मंडळाचे पगारी ग्रंथपाल. पुढच्या अध्यक्षासाठी नावे सुचवणारी एक छोटी समिती असते. तिच्यात त्यांनी हौसेने नाव दिले आणि नावे ठरताना ते आतच बसून राहिले. त्या बैठकीत ते चकार शब्द बोलले नव्हते, असे नंतर समितीतलेच सांगत. पण नव्या अध्यक्षांनी त्यांची नोकरी पुढे चालू ठेवली आणि कुजबुज सुरू झाली, "आतून जमवलेलं दिसतंय!" कोणी त्यांच्याशी नीट बोलेना. शेवटी त्यांनी जयपूर सोडले. जाताना माझ्यावरच्या कुंड्यांना पाणी घालून गेले. तेव्हापासून मला बंद दाराची धास्ती वाटते.

यंदा त्याच समितीत मोनालीने नाव दिले. ती मंडळाच्या वर्गात मुलांना मराठी शिकवते आणि तिच्या पगारावर तिचे घर चालते. एके दिवशी अध्यक्ष रणजीतजींनी तिला अंगणात गाठले. त्यांना पुन्हा अध्यक्ष व्हायचे होते.

"मोनाली, तू आहेसच आत. माझं नाव निघेल, सांभाळ हं," ते हसत म्हणाले. "जूनमध्ये तुझ्या नोकरीचंही बघायचंय ना!"

ते गेले. मोनालीने एक कुंडी बाजूला केली आणि ती माझ्यावर मटकन बसली. ती इतकी थरथरत होती, की माझा डुगडुगता पाय फरशीवर वाजू लागला. तेवढ्यात मुरलीधररावांच्या पत्नी मीराबाई पूजेला फुले न्यायला आल्या.

"पोरी, काय झालं गं?"

मोनालीने सगळे सांगितले. "आत बसले तर लोक म्हणतील, साहेबाला हिनंच आणलं. बाहेर गेले तर साहेब म्हणतील, हिनं दगा दिला."

"तू ज्यावर बसलीयेस ना, ते यांनी त्यासाठीच करून घेतलं होतं." मीराबाईंनी तिला जुनी रीत सांगितली.

"भीती नाही वाटायची कोणाला?"

"वाटायची की! यांना स्वतःला वाटायची. इथं बसावं लागलं, की त्या दिवशी घरी येऊन जेवायचे नाहीत."

बैठकीच्या सकाळी दोघींनी मला उचलून पुन्हा दाराशी आणले.

रणजीतजींचे नाव निघाले तेव्हा आत एक खुर्ची सरकली. मोनाली म्हणाली, "रणजीतजी माझे साहेब आहेत. माझी नोकरी त्यांच्या हातात आहे. अध्यक्षांचं ठरेपर्यंत मी बाहेर बसते."

"अहो, एवढं काय त्यात!" कोणीतरी हसले. ती बाहेर आली. दार लागले.

तिने दोन्ही हातांनी माझी कड घट्ट धरली. हात ओले होते. आत कोणाचा तरी आवाज चढला आणि मग एकदम सगळे शांत झाले. ती शांतता आम्हा दोघांनाही सोसवेना. "गेली नोकरी," ती पुटपुटली.

तेवढ्यात दार उघडले. मोनाली दचकून उठली. समितीतला अभिनव दारात उभा होता. तो जयपूरलाच लहानाचा मोठा झालेला. मराठी जरा अडखळतच बोलतो.

"सरकता का जरा?" तो म्हणाला. "मतलब... रणजीतजी माझे साडू आहेत. मी पण बाहेरच बसायला पाहिजे ना?"

मोनाली सरकली. तो तिच्या शेजारी बसला. त्याचेही हात ओले होते.

आत काय ठरले, ते मला ठाऊक नाही. मोनालीच्या नोकरीचे काय होईल, तेही नाही. जून अजून यायचा आहे आणि माझी भीती काही गेलेली नाही. पण मित्रांनो, एवढे ऐका. मला पॉलिश नको. माझा डुगडुगता पाय तेवढा ठोकून घ्या, कारण माझ्यावर थरथरणारी माणसे बसतात. मला दारापासून दूर नेऊ नका. आणि आत तुमच्या माणसाचे नाव निघाले, की उठून बाहेर या. भीती वाटेल. तरी या. सरकून घेतले तर माझ्यावर तिघे मावतात.