गोठापाशी नळ नको

उन्हं अंगणात उतरली की पानसरा गोठाच्या, म्हणजे घराखालच्या त्या मातीच्या खोपीच्या, तोंडाशी सरकून बसे. दार कसलं, वाकून आत शिरावं एवढं भोक. बाळंत होऊन आठवडा होत आला होता. लेक मांडीवर, अंगावर जुनी घोंगडी, आणि वर घराच्या पडवीत सासू नाचणी पाखडताना दिसायची. हाकेच्या अंतरावर होती ती. पण बारशापर्यंत बाळंतिणीला शिवायचं नाही म्हणजे नाही. नेपाळातल्या अच्छामच्या या डोंगरात पाळीची बाई आणि ओली बाळंतीण, दोघींची जागा गोठातच.

"आमा, पोरगी सारखी कण्हतेय हो," पानसराने खालूनच सांगितलं.

"पोरं कण्हतातच. तुझा नवरा याच गोठात रडून रडून निळा व्हायचा. मेला का? आता पुण्यात सोसायटीच्या फाटकावर उभा राहून शिट्ट्या फुंकतोय साहेबासारखा!" सासूने भाकरी आणि कुळथाचं कढण पायरीवर ठेवलं आणि लगबगीने मागे सरली. "खाऊन घे. आणि थाळी धुऊन ठेव बरं का."

धुवायची म्हणजे ओढ्यावर जायचं. जाताना उतार, येताना चढ, टाके ओले, पाठीशी पोर.

नळ नव्हता असं नाही. परदेशातून मदत आली होती, बायकांची पाण्याची वणवण थांबावी म्हणून. इंजिनियरने पारावरच्या पुरुषांना विचारलं, नळ कुठे बसवू? त्यांनी मष्टो देवाच्या देवळासमोरची सपाट जागा दाखवली. त्यांचं काही चुकलं असं त्यांना आजही वाटत नाही. देवळासमोर पाळीची बाई जात नाही, बाळंतीण जात नाही, हे त्या इंजिनियरला ठाऊक नव्हतं आणि सांगायला पारावर एकही बाई नव्हती. ज्या दिवसांत बाईला पाणी सगळ्यात जास्त लागतं, नेमक्या त्याच दिवसांत नळ तिचा नव्हता.

पोरीची बेंबी लालसर दिसत होती. पानसराने पदराने झाकली. तिचा पहिला मुलगा याच गोठात गेला होता. कोणी म्हणालं थंडीने, कोणी म्हणालं देवाने नेला. तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

दुपारी नंदादिदी आली. शेजारच्या गावची, तिथल्या बायकांनी मिळून चालवलेल्या आमा समूहाची ती म्होरकी. ती वाकून थेट आत शिरली आणि पोरीला उचलून घेतलं. इतक्या दिवसांत पानसराशिवाय लेकीला कुणाचा हात लागला नव्हता. पानसराला एकदम रडूच फुटलं.

"रडू नकोस गं वेडे, दूध आटेल," दिदी म्हणाली. तिने सोबत आणलेल्या उकळलेल्या पाण्याने बेंबी पुसली, आरोग्यसेविकेने दिलेला मलम लावला. "पण ओढ्याचं पाणी आणि हा ओलावा असताना मलम किती पुरणार? उद्या मदतवाली पाहुणी येतेय नळ बघायला. मी तिला देवळापाशी नेणारच नाही. तुझ्या मागोमाग ओढ्यावर नेते. चालेल?"

"मला बोलता नाही येणार हं दिदी."

"तू नुसती चाल."

दुसऱ्या दिवशी पानसरा घागर घेऊन निघाली. मागे आस्ता नावाची उंच पाहुणी, तिच्यामागे दिदी, आणि सगळ्यात शेवटी वॉर्डाध्यक्ष गोरखबहादूर, कपाळाला आठ्या घालून. देवळापाशी हार, बँडबाजा तसाच खोळंबला होता. पाहुणी निसरड्यावर दोनदा घसरली. ओढ्यावर म्हशी डुंबत होत्या. त्यांच्या खालच्या अंगाला पानसराने घागर भरली.

परत गोठापाशी आल्यावर पाहुणी डोळे पुसत म्हणाली, आणि दिदीने ते समजावून सांगितलं, "थोडे पैसे शिल्लक आहेत. इथेच, गोठाच्या दाराशी नळ बसवू. वर पत्रा घालू, एक खिडकी काढू."

"वा! याला म्हणतात तोडगा!" अध्यक्षांचा चेहरा उजळला. "देवाला विटाळ नाही, बाईला पाणी!" वरून सासूनेही हात जोडले.

दाराशी नळ! कोमट उन्हात पोरीला न्हाऊ घालता येईल. आजच्या आज हवा होता तिला तो नळ.

दिदी पानसराकडे वळली. "तू सांग. पाणी तुला भरायचंय."

पानसराने लेकीकडे पाहिलं. उद्या ही न्हातीधुती होईल. पत्र्याखाली, खिडकीपाशी, नळाशेजारी एकटी बसेल.

"नको," ती म्हणाली.

"काय?" अध्यक्ष कडाडले. "देतायत तर तोंड वर?"

"इथे नळ आला की गोठ पक्का झाला. मग माझी पोर रडली तर लोक म्हणतील, सगळी सोय आहे की, रडतेस कशाला? द्यायचा तर घराच्या अंगणात द्या. नाहीतर नको."

"अंगणात? देव कोपला तर तू निस्तरणार?"

"अध्यक्षसाहेब," दिदी म्हणाली, "तुम्ही आत एक झोप काढून या. मग सांगा देव कुठे कोपतो ते." कंटाळून देवळापासून इथवर आलेल्या बँडवाल्यांपैकी कोणीतरी फिसकन हसलं.

मग दिदी पाहुणीला म्हणाली, "बाई, आधी आम्हाला अंगणाअंगणात बसू द्या. सासवांशी, देवळाच्या पुजाऱ्याशी बोलू द्या. याला वेळ लागतो आणि याचा फोटो निघत नाही. नळ त्यानंतर पाठवा."

पाहुणीने गोठाच्या भोकातून वाकून आत पाहिलं. "तोवर पैसे राखून ठेवू," ती म्हणाली.

माणसं पांगली. दिदीही पुढच्या गावाला गेली. पानसरा गोठासमोर उभी राहिली. अंगणात नळ मागायचा आणि आपण पुन्हा आत शिरायचं? तिने पोरीला घट्ट धरलं आणि पायऱ्या चढली.

सासू सूप टाकून उठली. "शिवू नकोस गं! म्हैस आटेल, वाघ येईल दारात!"

"आमा, पहिल्याच्या वेळी मी सगळं पाळलं होतं."

सासूने शाल ओढली आणि कुंपणापलीकडे दिराच्या घरी निघून गेली.

पानसरा आत गेली. घर उबदार होतं आणि रिकामं होतं. चुलीशी बसून तिने पोरीला पाजलं. सणावाराला भरून जाणाऱ्या त्या घरात एकही आवाज नव्हता. ती चूक की बरोबर, हे सांगायलाही कोणी नव्हतं. ती उठून परत गेली असती तर कोणी दोष दिला नसता. ती उठली नाही.

दिवस मावळताना कुंपणापलीकडून सासूचा चिडका, भरलेला आवाज आला.

"दाराला फट आहे गं डाव्या अंगाला! काहीतरी लाव तिथे. पोरीला वारा लागेल!"